चुकलेलें उत्तर आणि वर्गांतील हंशा

यंदाच्या अंकाच्या मराठी विभागासाठीं साहित्य गोळा होत असतां कांहीं उत्साही विद्यार्थ्यांकडून अशी सूचना आली कीं, उत्तरपत्रिकांतील गमतीदार चुकांचें एक पान या विभागांत असावें. अशीं पानें आम्ही लहानपणापासून अनेक वार्षिकांत वाचीत आलों आहों, आणि त्यांस वाचकही पुष्कळ मिळतात. आतां तर त्यांस छापील अंकाचीही गरज उरलेली नाहीं. कोणा मुलाच्या वहीचें पान मोबाइलवर टिपलें जातें आणि संध्याकाळपर्यंत तें शेंकडों घरांत हंसण्याचा विषय होऊन बसतें. नांव खोडलेलें असतें. परंतु ज्याचें अक्षर असतें तो तें ओळखतोच. ही सूचना आम्हीं स्वीकारली नाहीं. सुचविणाऱ्या मित्रांस ती गोष्ट रुचली नसेल, म्हणून आमचें म्हणणें येथें जरा विस्तारानें मांडावें, असें योजिलें आहे.

विनोदाशीं आमचें वैर नाहीं. ज्या वर्गांत दिवसभरांत एकदांही हंसूं येत नाहीं तो वर्ग आम्हांस आवडतही नाहीं. परंतु लहान मुलाचें उत्तर चुकलें म्हणून जो हंशा होतो, त्याच्या मुळाशीं एक समजूत असते. ती ही कीं, मुलानें विचार केला नाहीं म्हणून तें चुकलें. आमचा अनुभव याच्या उलट आहे. ज्यानें विचारच केला नाहीं तें मूल बहुधा गप्प राहतें, किंवा शेजाऱ्याचें उत्तर उचलतें. वेगळें, अनपेक्षित आणि हंसूं येईल असें उत्तर देतें तें विचार केलेलें मूल. त्याच्या विचारांत कोठें तरी एक पायरी निसटलेली असते, इतकेंच.

एक उदाहरण घ्या. मराठीच्या तासाला 'शिक्षा' हा शब्द देऊन वाक्य करावयास सांगितलें असतां एका मुलानें लिहिलें, 'मी रोज शाळेंत शिक्षा घ्यायला जातो.' वर्गांत केवढा हंशा पिकला असेल, हें सांगावयास नको. या मुलाच्या घरीं हिंदी बोलतात, आणि हिंदींत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. त्याचें वाक्य निर्दोष होतें. केवळ शेजारच्या भाषेंत निर्दोष होतें. 'चेष्टा' या शब्दाचीही तीच गत. हिंदी बोलणाऱ्यास तो शब्द 'प्रयत्न' या अर्थीं ठाऊक असतो. आपण मराठींत त्याचा अर्थ 'थट्टा' असा करतों. तेव्हां 'मी गणितांत फार चेष्टा करतो' असें सांगणाऱ्या मुलास आपण कोणत्या अर्थानें उत्तर देतों, हें पाहण्यासारखें आहे. त्या दिवशीं शिक्षकानें हंशा थांबवून एवढेंच विचारलें असतें कीं, शिक्षक आणि शिक्षण हे शब्द ज्या धातूपासून आले त्याच धातूची ही शिक्षा, मग मराठींत तिचा अर्थ दंड असा कां झाला असेल, तर संबंध तास रंगला असता, आणि त्या मुलाच्या चुकीनें सर्वांस कांहीं तरी मिळालें असतें.

आमच्या शहरांत अशा चुका पदोपदीं होणारच. छत्रपति संभाजीनगर म्हणा कीं जुन्या पिढीच्या तोंडचें औरंगाबाद म्हणा, येथील गल्लींत दखनी चालते, स्वयंपाकघरांत मराठी चालते, बाजारांत दोहोंची मिसळ चालते, आणि वर्गांत बऱ्याच ठिकाणीं इंग्रजी चालते. हिंदींत 'पुस्तक' स्त्रीलिंगी आहे, म्हणून 'माझी पुस्तक' म्हणणारें मूल व्याकरण जाणत नाहीं असें नव्हे. त्याला एक व्याकरण येतें, दुसरें अजून यावयाचें आहे. ही अडचण येथें नवीही नाहीं. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि सरकारी माध्यमिक शाळांतून शिकविण्याची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत उच्च शिक्षणही उर्दूंतूनच दिलें जाई. ज्याच्या घरीं मराठीखेरीज दुसरा शब्द कानावर पडत नसे, अशा मुलास भूगोलाचें उत्तर ठाऊक असूनही तें वर्गांत नीट सांगतां येणें कठीण होतें. याच शहरांत १९१५ सालीं सरस्वती भुवन संस्थेचें काम सुरू झालें आणि येथील मराठी मुलांस शिक्षणाची एक वाट मिळाली. आज उर्दूच्या जागीं इंग्रजी आली आहे. पालकांनीं ती राजीखुषीनें आणली आहे, एवढाच काय तो फरक. उत्तर येत असून भाषेपायीं खालीं पाहणारें मूल मात्र बाकावर तसेंच बसलेलें आहे.

भाषेचें हें ठीक, परंतु गणितांत तर बरोबर तें बरोबर आणि चूक ती चूक, असें कोणी म्हणेल. गणिताचेंच पाहूं.

पहिली-दुसरीच्या मुलास 'त्रेपन्न' हा आंकडा लिहावयास सांगा. कित्येक मुलें ३५ लिहितात. कारण उघड आहे. 'त्रेपन्न' म्हणतांना तीन आधीं ऐकूं येतात व पन्नास मागून. आणि मूल ऐकलें त्या क्रमानें लिहितें. 'एकोणचाळीस' म्हणतांच कांहीं मुलें ४९ लिहितात. ही चूक तर आम्हांस फारच हुशारीची वाटते. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास या सर्वांच्या शेवटीं नऊ येतात, हें त्या मुलानें कोणीं न सांगतां हेरलेलें असतें. आणि 'चाळीस' म्हणजे पुढें चार, हें तर त्यास शिकविलेलेंच असतें. चार आणि नऊ मिळून ४९. 'एकोण' म्हणजे 'एक उणा', चाळीसांत एक कमी, ही एकच गोष्ट त्यास कोणीं सांगितलेली नसते. ती सांगितली कीं 'एकोण' असलेल्या साऱ्या संख्या एका क्षणांत जागेवर बसतात. परंतु 'अरे, एकोणचाळीस लिहितां येत नाहीं तुला!' एवढेंच ऐकलेल्या मुलाच्या डोक्यांतील तो नियम तसाच राहतो, आणि तें एकोणसाठालाही ६९ लिहितें.

या प्रश्नावर महाराष्ट्रांत नुकताच एक मोठा गदारोळ होऊन गेला. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'बावीस' या रूढ नांवाबरोबरच 'वीस दोन' असेंही वाचन देण्यांत आलें. गणिताच्या समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांचें म्हणणें असें कीं, उलट क्रमाच्या व जोडाक्षरांच्या या नांवांनीं लहान मुलें गोंधळतात आणि पुढें गणितासच भितात. त्यावर वृत्तपत्रांत, घरोघरीं, मोबाइलवर आणि विधानसभेंतही विनोदांचा पाऊस पडला. आपल्या शेजारच्या कानडी व तेलुगू भाषांत दशक आधीं व एकक मागून असाच क्रम आहे, याची आठवण फार थोड्यांस झाली. डॉ. नारळीकर १७ जुलै २०२३ रोजीं निवर्तल्या. त्यांची सुधारणा योग्य होती कीं नाहीं, याविषयीं आमच्या शिक्षकवर्गांतही दोन मतें आहेत. आम्हांस स्वतःस जुनीं नांवें प्रिय आहेत, आणि बाजारांत भाजीवाली 'वीस दोन' म्हणणार नाहीं, हेंही दिसतें आहे. परंतु मुलें कोठें व कां चुकतात हें आधीं पाहावयाचें आणि मग पुस्तक लिहावयाचें, ही रीत आम्हांस आदरणीय वाटते. मोठ्यांच्या त्या हंशांत ३५ लिहिणाऱ्या मुलाची अडचण मात्र कोणाच्या ध्यानांत राहिली नाहीं.

वजाबाकीचेंही तसेंच. ५२ मधून ३७ वजा करावयास सांगितले असतां २५ हें उत्तर कित्येक वह्यांत आढळतें. दोनांतून सात जात नाहींत, म्हणून मुलानें सातांतून दोन काढले; कारण 'मोठ्यांतून लहान वजा करावी' असें त्याला शिक्षकानेंच सांगितलेलें आहे. हातचा घेण्याची क्रिया त्यास समजलेली नाहीं. हें शिक्षकास कळण्याचा मार्ग कोणता? तें २५. बरोबर आलेलीं शंभर उत्तरें जें सांगत नाहींत तें या एका चुकलेल्या उत्तरानें सांगितलें. रोग्यानें दुखतें तेथें बोट ठेवावें आणि वैद्यानें त्यास हंसावें, असें आपण कोठें पाहिलें आहे काय?

आतां हंशाचा परिणाम पाहा. दोन-तीन वेळां फजिती झालेलें मूल मूर्ख होत नाहीं. तें चतुर होतें. ही चतुराई मात्र उत्तर टाळण्याची असते. शिक्षकांची दृष्टि आपल्या रांगेकडे वळली कीं त्याची पेन्सिल खालीं पडते. नेमक्या त्याच वेळीं त्यास तहान लागते. सर्व वर्ग एका स्वरांत पाढा म्हणतो तेव्हां याचे ओंठ हालतात, आवाज निघत नाहीं. पांचवीपर्यंत तें अगदीं निःशब्द होतें, आणि प्रगतिपुस्तकांत त्यास 'स्वभाव शांत' असा शेरा मिळतो. तिसरींत न समजलेला हातचा पांचवींत दशांश अपूर्णांकांपाशीं आडवा येतो, आठवींत बीजगणितापाशीं येतो. तोंवर तें मूल 'ढ' म्हणून नांवाजलेलें असतें. (या अक्षराविषयीं असें सांगतात कीं, अशोककालीन ब्राह्मी लिपीपासून आजतागायत सर्व अक्षरांचीं रूपें पालटलीं, एकटा 'ढ' जवळजवळ होता तसाच राहिला, म्हणून न सुधारणाऱ्या मुलास तें नांव पडलें. अक्षराची गोष्ट असेल तशी असो. मुलास तें नांव देणारा त्याच्या सुधारण्याची आशा सोडून बसला आहे, एवढें त्यावरून खचित कळतें.)

मग शिक्षकानें करावें काय? आधीं थांबावें. अमेरिकेंतील मेरी बड रो या विदुषीनें १९७० च्या सुमारास वर्गांतील प्रश्नोत्तरांचें ध्वनिमुद्रण करून तें तपासलें, तेव्हां असें दिसलें कीं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीनें जेमतेम एक सेकंद वाट पाहतात आणि लगेच दुसऱ्याकडे वळतात. तेच शिक्षक तीन सेकंद थांबूं लागले, तेव्हां उत्तरें लांब व विचारपूर्वक येऊं लागलीं, आणि कधीं न बोलणारीं मुलेंही बोलूं लागलीं. तीन सेकंद म्हणजे किती, हें घड्याळ समोर ठेवून पाहावें. वर्गांत उभें असतां तो काळ फार मोठा वाटतो.

उत्तर चुकीचें आलें तर 'चूक' म्हणण्यापूर्वीं 'हें कसें काढलेंस?' असें विचारावें. यांत एक मेख आहे. हा प्रश्न चुकलेल्यासच विचारला तर मुलें चार दिवसांत ओळखतात कीं, 'कसें' याचाच अर्थ 'चूक', आणि मग त्या प्रश्नालाही घाबरूं लागतात. म्हणून बरोबर उत्तर देणाऱ्यासही तोच प्रश्न, त्याच स्वरांत, नित्य विचारला पाहिजे. त्यानें आणखी एक गोष्ट उघडकीस येते. १६/६४ चें संक्षिप्त रूप १/४, हें उत्तर बरोबर आहे. पण एखाद्यानें तें वरचा सहा आणि खालचा सहा खोडून काढलेलें असतें! त्यास आपण शाबासकी देऊन बसवितों, आणि विचार करून चुकलेल्यास उभें ठेवितों.

आमच्या मतें वर्गांतील सर्वांत घातक वाक्य 'कोण सांगेल याला?' हें होय. तें उच्चारतांच वीस हात वर होतात, 'मी सांगतो, मी सांगतो' असा गलका होतो, आणि मध्यें उभ्या असलेल्या मुलास पुढील बरोबर उत्तर ऐकूंही येत नाहीं. त्याला केवळ ते हात दिसतात. त्यापेक्षां सर्वांस पाटीवर वा वहीच्या मागच्या पानावर उत्तर लिहावयास सांगावें. मग शिक्षकानें फिरून पाहावें आणि कोणाचेंही नांव न घेतां फळ्यावर दोन निरनिराळीं उत्तरें लिहावीं: १५ आणि २५. 'पंचवीस म्हणणाऱ्यानें काय विचार केला असेल?' असें वर्गास विचारावें. मुलें या प्रश्नावर फार उत्तम बोलतात, आणि पुष्कळदां तें २५ लिहिणारें मूलच आपण होऊन हात वर करतें. पुढें थोड्या वेळानें त्याच मुलास तसेंच दुसरें उदाहरण द्यावें, म्हणजे तें चुकलेलें असतांना नव्हे, तर बरोबर सोडविल्यावर खालीं बसेल.

कित्येक मायाळू शिक्षक मुलाचें मन मोडूं नये म्हणून चुकलेल्या उत्तरासही 'छान, छान' म्हणतात. हें आम्हांस मान्य नाहीं. ५२ मधून ३७ गेले असतां १५ च राहतात, आणि तें स्पष्ट सांगितलेंच पाहिजे. खोट्या 'छान'नें मूल फसत नाहीं; आपल्याविषयीं शिक्षकास फारशी आशा नाहीं, एवढें मात्र तें त्यावरून ताडतें. शब्दांचा गोडवा येथें फार उपयोगी नाहीं. चूक मुलास स्वतःस दिसेल अशी सोय करतां आली तर तीच उत्तम. मादाम मॉन्टेसोरी १९३९ सालीं भारतांत आल्या. त्यांच्या पद्धतींत लांकडी ठोकळ्यांतील भोकांत कमीजास्त जाडीचे दट्टे बसविण्याचें एक साधन आहे. एक दट्टा भलत्या भोकांत गेला कीं शेवटीं एक दट्टा उरतो आणि कोठेंच बसत नाहीं. शिक्षिकेस एक शब्दही बोलावा लागत नाहीं. मूल आपण होऊन सर्व दट्टे काढतें आणि पुन्हां बसवितें. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, तेव्हांच्या ठाणें व आतांच्या पालघर जिल्ह्यांत, गरीब व आदिवासी मुलांसाठीं जें काम केलें, त्यांत या महागड्या साधनांच्या जागीं बिया, शिंपले, माती, पानें आणलीं. चिंचोके मोजणारें मूल चुकलें तर चिंचोकेच त्यास सांगतात.

येथें आमचे कांहीं पालक म्हणतील, 'आम्हीं छड्या खाल्ल्या, अंगठे धरून उभे राहिलों, कोंबडा झालों, आणि शिकलोंच ना?' हें पालकसभेंत दर वर्षीं ऐकावयास मिळतें. हें सांगणारे सद्गृहस्थ शिकले, हें खरें आहे. परंतु त्यांच्याच वर्गांतील जीं मुलें हंशास कंटाळून चौथी-पांचवींतून निघून गेलीं, त्यांची साक्ष कोणीं काढली आहे? तीं आज पालक म्हणून सभेस आलीं तरी शेवटच्या रांगेंत बसतात आणि विचारल्यावांचून बोलत नाहींत. शिवाय आतां हा केवळ मतभेदाचा विषय राहिलेला नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलास शारीरिक शिक्षा करणें आणि मानसिक छळ करणें या दोहोंसही मनाई केलेली आहे. छडी बहुतेक ठिकाणीं गेली. जिभेची छडी कायद्यानें जात नाहीं, कारण तिचा वळ दिसत नाहीं.

शिक्षकांची बाजूही सांगितली पाहिजे. पहिली ते पांचवीस तीस मुलांमागें एक शिक्षक असावा, असें तोच कायदा म्हणतो. पुष्कळ वर्गांत मुलें त्याहून कितीतरी अधिक असतात. अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो, चाचण्या असतात, तक्ते भरावयाचे असतात. प्रत्येक चुकीपाशीं थांबणें शक्य नाहीं, हें आम्हीं पूर्णपणें जाणतों. परंतु तासांत एका चुकीपाशीं नीट थांबतां येतें. आणि हंशा थांबविण्यास तर वेळच लागत नाहीं. शिक्षक स्वतः हंसला नाहीं कीं निम्मा वर्ग हंसत नाहीं.

उरलेल्या निम्म्यांविषयीं विद्यार्थिमित्रांस दोन शब्द. वर्गांत कोणी चुकलें असतां सर्वांत आधीं व सर्वांत मोठ्यानें कोण हंसतें, हें तुम्ही एकदां लक्षपूर्वक पाहा. ज्याला उत्तर पक्कें ठाऊक असतें तो क्वचितच हंसतो. ज्याला तें ठाऊक नव्हतें आणि आपली पाळी थोडक्यांत टळली म्हणून ज्याचा जीव भांड्यांत पडला, तोच बहुधा खदखदतो. हें एकदां ध्यानांत आलें कीं त्या हंशांत सामील होण्याची हौस पुष्कळ कमी होते.

पालकांनो, घरची गोष्ट तुमच्या हातीं आहे. पाहुणे आले कीं मुलास हांक मारून 'काकांना सत्तावीसचा पाढा म्हणून दाखव' असें सांगण्याचा प्रघात आपल्याकडे घरोघरीं आहे. पाढा सहावर अडतो; आई म्हणते, 'एरवीं म्हणतो हो चांगला'; काका हंसून डोक्यावर हात फिरवितात. काकांनीं चहा घेऊन जावें, पण मुलाचा तो पाढा सहापाशींच अडून राहतो. आणखी एक विनंती आहे. गृहपाठांतील चुका रात्रीं खोडरबरानें पुसून, उत्तरें सांगून, वही शुद्ध करून शाळेंत पाठवूं नका. तुमच्या प्रेमाविषयीं शंका नाहीं. परंतु अशा वहीवरून मुलास काय समजलें व काय नाहीं, तें आम्हांस मुळींच दिसत नाहीं. आमच्यापुढें तुमचें गणित येतें, आणि तें बहुतेक बरोबर असतें.

आणि शेवटीं, मोठ्यांचें उत्तर नेहमींच बरोबर असतें असेंही नाहीं. आमच्या शहरांतील प्रत्येक मुलास कधींना कधीं विचारला जाणारा प्रश्न घ्या: बीबीका मकबरा कोणीं बांधला? मूल म्हणतें, 'औरंगजेबानें.' मार्गदर्शक पुस्तकांत उत्तर असतें, 'त्याचा मुलगा आझमशहा यानें'; म्हणून मुलाच्या उत्तरावर फुली पडते. आतां सालें पाहा. आझमशहाचा जन्म १६५३ चा. ज्या दिलरस बानू बेगमेची ती कबर, ती त्याची आई १६५७ सालीं वारली. इमारत १६६१ च्या सुमारास पुरी झाली. त्या वेळीं शाहजादा आठ वर्षांचा, म्हणजे आपल्या तिसरींतील मुलाएवढा होता. पैसा व हुकूम कोणाचा असेल, हें त्या फुली मिळालेल्या मुलानें बरोबर ओळखलें असें आम्हांस वाटतें. दरवाज्यावरील लेखांत तर अताउल्ला या वास्तुकाराचें व हंसपत राय या अभियंत्याचें नांव आहे. एखादें मूल 'गवंड्यांनीं' असें म्हणालें तर त्यावरही फुली मारण्यापूर्वीं थोडा विचार करावा लागेल.

असाच दुसरा प्रश्न वेरूळच्या कैलासाचा. सहलीच्या वेळीं आमच्या एका शिक्षकांनीं मुलांस त्या अंगणांत उभें करून विचारलें, 'यांत आधीं काय केलें असेल?' एक लहान मुलगा म्हणाला, 'पाया.' मोठ्या वर्गांतील दोघेतिघे हंसूं लागले, कारण त्यांनीं उत्तर पाठ केलेलें होतें. शिक्षकांनीं हात वर करून त्यांस थांबविलें आणि त्या मुलास विचारलें, 'पाया कां?' तो म्हणाला, 'आमच्या घराचें काम चाललें आहे, तेथें आधीं पायाच खणला.' शिक्षक म्हणाले, 'बरोबर. मग येथले दगड कोठून आणले असतील? सांधे कोठें दिसतात काय, पाहून ये.' मुलगा देवळास हात लावीत एक फेरी मारून आला. सांधे दिसत नव्हते. मागच्या शंभर फूट उंच कड्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला, आणि एकाएकीं म्हणाला, 'हें वरून खालीं कोरीत आणलें!' आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं हें काम कसें झालें, तें मग शिक्षकांनीं सांगितलें. पण मुलाचें लक्ष तिकडे नव्हतें. त्यानें विचारलें, 'सर, वर कोणाची छिन्नी चुकली असती तर? दगड परत कोठून आणला असता?'

शिक्षकांजवळ तयार उत्तर नव्हतें. त्यांनीं मुलांस भिंती नीट पाहावयास सांगितल्या; आणि पुढील अर्धा तास ते हंसणारे दोघेतिघे धरून चाळीस मुलें त्या अंगणांत कारागिरांची चूक शोधीत हिंडत होतीं.